विद्यापीठाच्या गावाला बिऱ्हाड हलविताना

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एम्स या गावाचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रग्रंथाने ते मराठी घरांत पोहोचविले. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९१ मध्ये एम्सच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाला, १८९४ मध्ये पदवीधर झाला आणि १८९६ मध्ये तेथूनच त्याने पदव्युत्तर पदवी मिळविली. त्याच महाविद्यालयाचे आज ‘आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी’ झाले आहे. पुण्यातील, नाशिकमधील वा नागपुरातील एखाद्या घरी तेथून, किंवा तशाच दुसऱ्या एखाद्या गावाहून, नेमणुकीचे पत्र येते. पेढे वाटले जातात. उत्तर कळविण्यास दोन-तीन आठवड्यांचा अवधी असतो, आणि त्या अवधीतच खरा प्रश्न पुढे येतो. नोकरी चांगली आहे, पण गाव कसे आहे? तेथे आपल्या घरातील प्रत्येकाला राहता येईल का?

न्यू जर्सी किंवा सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर यांविषयी माहिती देणारे कोणी ना कोणी प्रत्येकाच्या नात्यात सापडते. मैलोन्‌मैल मक्याच्या शेतांत वसलेल्या, तीस ते सत्तर हजार वस्तीच्या विद्यापीठनगरीविषयी मात्र सांगणारे थोडे. मोठ्या शहराचे आडाखे येथे लागू पडत नाहीत. अशा गावात नोकरी, घर, शाळा, दवाखाना, करमणूक आणि वर्षाचे वेळापत्रक हे सारे एकाच संस्थेभोवती फिरत असते. त्यामुळे ज्याच्या नावे पत्र आले त्याला गावात पाऊल ठेवताच तयार आयुष्य मिळते. त्याच्याबरोबर जाणाऱ्यांना ते आपल्या हाताने उभे करावे लागते. निर्णय घेताना हा फरक नजरेआड झाला, तर पुढे मनस्ताप होतो.

ही गावे अशी का?

एवढी मोठी विद्यापीठे एवढ्या लहान गावांत कशी, असे नवख्याला वाटते. त्याचे उत्तर इतिहासात आहे. २ जुलै १८६२ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्यान्वये प्रत्येक राज्याला काँग्रेसमधील त्याच्या दर सभासदामागे ३० हजार एकर सरकारी जमीन मिळाली. तिच्या विक्रीतून शेती आणि यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये उभी करावीत, असा हेतू होता. शेतीचे शिक्षण शेताजवळच द्यायचे, म्हणून यांतील कित्येक संस्था महानगरांपासून दूर वसल्या. न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल (१८६५), इलिनॉयमधील अर्बाना-शॅम्पेनचे विद्यापीठ (१८६७), इंडियानातील वेस्ट लाफियेटचे पर्ड्यू (१८६९), व्हर्जिनियातील ब्लॅक्सबर्गचे व्हर्जिनिया टेक (१८७२) ही सारी त्याच मालिकेतील. १८५५ मध्ये स्थापन झालेले पेनसिल्व्हेनिया स्टेट हे विद्यापीठही पुढे या योजनेत आले. त्याच्या गावाचे तर नावच ‘स्टेट कॉलेज’ आहे!

मराठी माणसाचा या गावांशी संबंधही जुना आहे. क्रांतिकारक आणि पुढे मेक्सिकोत नावारूपाला आलेले कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे यांनी वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील कृषी महाविद्यालयातून १९१३ मध्ये पदवी घेतली. तेही असेच टेकड्यांवरील गव्हाच्या शेतांतले गाव.

२०२० च्या जनगणनेनुसार एम्सची लोकसंख्या ६६,४२७ होती. स्टेट कॉलेजची ४०,५०१ आणि इथाका शहराची ३२,१०८ होती. या आकड्यांत वसतिगृहांत व भाड्याच्या घरांत राहणारे विद्यार्थीही धरलेले असतात, हे लक्षात ठेवावे. ते उन्हाळ्यात निघून गेले की रस्ते ओस पडतात, काही उपाहारगृहे वेळ कमी करतात, बसगाड्यांच्या फेऱ्या विरळ होतात. उलट शरद ऋतूत फुटबॉलचा सामना असला की गाव ओळखू येत नाही. एम्सच्या जॅक ट्राइस स्टेडियममध्ये साठ हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात, म्हणजे जवळजवळ गावच्या लोकसंख्येएवढे. स्टेट कॉलेजचे बीव्हर स्टेडियम तर लाखाहून अधिक आसनक्षमतेचे आहे. त्या शनिवारी पाहुणे येणार असतील तर हॉटेलची खोली काही महिने आधीच राखून ठेवावी लागते.

नेमणुकीच्या पत्रात काय पाहावे?

वार्षिक पगाराचा आकडा रुपयांत गुणून पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो आवरून पत्र पुन्हा वाचावे. अध्यापकाची नेमणूक बहुधा नऊ महिन्यांची असते. ऑगस्टच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतचा तो पगार असतो. काही विद्यापीठे तो बारा हप्त्यांत विभागून देतात. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांचे वेतन हवे असेल तर ते स्वतः मिळविलेल्या संशोधन अनुदानातून काढावे लागते किंवा उन्हाळी वर्ग शिकवावे लागतात. संशोधन साहाय्यकाची किंवा पोस्ट-डॉक्टरल नेमणूक बारा महिन्यांची असली, तरी तिचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. अशा नेमणुकांवर गावे बदलत राहणाऱ्याचे बिऱ्हाड विंचवासारखे पाठीवरच असते.

सहायक प्राध्यापकाला ‘टेन्यूर’, म्हणजे कायमपद, मिळायचे की नाही याचा निर्णय साधारणतः सहाव्या वर्षी होतो. नकार मिळाल्यास त्याला आणखी एक वर्ष ठेवून निरोप दिला जातो. मोठ्या शहरात अशा वेळी शेजारच्या विद्यापीठात किंवा कंपनीत जाता येते, मुलांची शाळा बदलावी लागत नाही. विद्यापीठनगरीत दुसरे विद्यापीठ शे-दीडशे किलोमीटरवर असते. म्हणून नोकरी गेली की गावही जाते, हे धरूनच चालावे.

संपूर्ण गावच एका धन्याच्या आश्रयाने राहते, याचाही विचार करावा. २०२५ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारने अनेक संशोधन अनुदाने रद्द केली. परदेशी मदत देणारी ‘यूएसएड’ ही संस्था मोडीत काढली गेली, तेव्हा तिच्या निधीवर चालणाऱ्या अर्बाना-शॅम्पेन येथील सोयाबीन संशोधन प्रयोगशाळेला गाशा गुंडाळण्याची घोषणा करावी लागली. अशा घटनांची झळ केवळ प्रयोगशाळेला बसत नाही. घरभाडे, दुकाने, शाळेतील पटसंख्या या साऱ्यांना ती पोहोचते. एम्सला या बाबतीत थोडा आधार आहे. अमेरिकी ऊर्जा खात्याची एम्स राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि कृषी खात्याचे राष्ट्रीय पशुरोग केंद्र त्याच गावात आहेत. अर्थात त्यांचाही पैसा वॉशिंग्टनहूनच येतो. म्हणून आपण ज्या गावी निघालो आहोत तेथे विद्यापीठाखेरीज कोण रोजगार देते, आणि आपले स्वतःचे वेतन विद्यापीठाच्या कायम अंदाजपत्रकातून आहे की एखाद्या अनुदानातून, हे स्पष्ट शब्दांत विचारावे.

पत्नी किंवा पती काय करणार?

सर्वांत अवघड प्रश्न हाच, आणि दुर्दैवाने तो सर्वांत शेवटी विचारला जातो. पत्र आलेली व्यक्ती पहिल्या सोमवारी आपल्या विभागात जाते. तिला टेबल मिळते, सहकारी मिळतात, ओळखपत्र मिळते. दुसरी व्यक्ती घरात राहते. बाहेर बर्फ असते, मोटार एकच असते आणि ती विद्यापीठाच्या वाहनतळावर उभी असते. पुण्यात दहा वर्षे बँकेत, शाळेत किंवा सॉफ्टवेअर कंपनीत काम केलेल्या स्त्रीला अकस्मात ‘अमक्यांची पत्नी’ एवढीच ओळख उरते. पतीच्या बाबतीतही हेच घडते. त्याची वाच्यता मात्र कमी होते.

कायद्याची बाजू नीट समजून घ्यावी. नोकरी करणारी व्यक्ती एच-१बी व्हिसावर असेल तर जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर शिक्षण घेता येते, पण सरसकट नोकरी करता येत नाही. २०१५ च्या मे महिन्यापासून काही एच-४ धारकांना कामाचा परवाना मिळू लागला. त्यासाठी मुख्य व्यक्तीचा स्थायी वास्तव्यासाठीचा रोजगाराधारित अर्ज मंजूर झालेला असावा लागतो, किंवा त्या प्रक्रियेमुळे एच-१बीची मुदत सहा वर्षांपलीकडे वाढलेली असावी लागते. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षे तरी परवाना मिळेल असे गृहीत धरता येत नाही. जे-१ या विनिमय व्हिसावर आलेल्या संशोधकाच्या जोडीदाराला जे-२ व्हिसावर कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. कायमपदाच्या वाटेवरील नेमणुकीसाठी मात्र जे-१ चालत नाही. ‘भारतातील कंपनीचे काम तेथे घरबसल्या करू’ असा बेत असेल, तर तो व्हिसाच्या अटींत बसतो का हे आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे. कंपनीने होकार दिला, एवढे पुरेसे नाही.

परवाना मिळाला तरी काम मिळणे वेगळे. सारा रोजगार एका विद्यापीठात एकवटलेला असेल तर जोडीदारासाठीही त्याच दारावर थाप मारावी लागते. अमेरिकी विद्यापीठांना या अडचणीची जाणीव आहे. शास्त्रज्ञ मंडळी तिला गमतीने ‘द्विपिंड समस्या’ म्हणतात. अनेक विद्यापीठांत जोडीदाराला काम शोधून देण्यास मदत करणारा कक्ष असतो. काही वेळा विभाग त्याच्यासाठी स्वतंत्र जागाही निर्माण करतो. परंतु ही मागणी करण्याची वेळ एकच असते, आणि ती म्हणजे होकार कळविण्यापूर्वीची. ‘आधी जाऊ, मग बघू’ या आपल्या सवयीने ती संधी हातची जाते. विभागप्रमुखाला याविषयी विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. तेथे तो नित्याचा विषय आहे.

नोकरीपेक्षा शिक्षण घेणे हा पुष्कळांना योग्य मार्ग ठरतो. ग्रंथपालन, संख्याशास्त्र, शिक्षणशास्त्र, लेखाकर्म यांतील पदवी घेऊन कित्येकांनी नवा आरंभ केला आहे. राज्यातील रहिवाशांना लागणारे शुल्क आणि बाहेरच्यांना लागणारे शुल्क यांत मोठी तफावत असते. म्हणून एच-४ धारकास रहिवासी केव्हा समजले जाते, हे त्या विद्यापीठाच्या नियमांत पाहावे.

व्हिसाची लांब रांग

खासगी कंपन्यांसाठी एच-१बीची वार्षिक मर्यादा ८५ हजारांची आहे आणि निवड सोडतीने होते. विद्यापीठांना ही मर्यादा लागू नाही. हा त्यांच्या नोकरीचा मोठा लाभ होय. मात्र त्यास दुसरी बाजू आहे. विद्यापीठाच्या एच-१बीवरून पुढे खासगी कंपनीत जायचे झाल्यास, पूर्वी कधी मर्यादेत गणना झालेली नसेल, तर त्या सोडतीत नव्याने उतरावे लागते. म्हणजे कंपनीत जाण्याची वाट वाटते तितकी मोकळी नसते.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशातून नव्याने येणाऱ्या एच-१बी कर्मचाऱ्यामागे एक लाख डॉलर भरण्याची अट घातली. तिला न्यायालयांत आव्हान दिले गेले, परंतु विद्यापीठांना तीतून सरसकट सूट दिलेली नव्हती. हे नियम वरचेवर बदलतात. म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी आणि येथील नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी ‘हा खर्च कोण करणार आणि अर्ज केव्हा दाखल होणार’ याचे लेखी उत्तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून घ्यावे.

स्थायी वास्तव्याच्या परवान्याविषयीही भ्रम नसावा. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वार्षिक कोट्याच्या सात टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे रोजगाराधारित दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीत भारतीयांची रांग दशकाहून अधिक मागे रेंगाळली आहे. नामवंत प्राध्यापक व संशोधकांसाठी असलेल्या पहिल्या श्रेणीत ती पुष्कळ आखूड असते, म्हणून विद्यापीठ कोणत्या श्रेणीत अर्ज करील हे विचारणे अगत्याचे आहे. आई-वडिलांच्या व्हिसाला जोडलेला मुलांचा हक्क एकविसाव्या वर्षी संपतो. मूल आठ वर्षांचे असताना निघालो आणि रांग पुढे सरकली नाही, तर तेरा वर्षांनी त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागेल. हा हिशेब आजच मांडून ठेवावा.

सेवानिवृत्तीच्या वर्गणीविषयीही एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. अमेरिकी सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन मिळण्यास साधारण दहा वर्षे वर्गणी भरलेली असावी लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबत परस्पर करार नाही. सात-आठ वर्षांत परत आल्यास पगारातून कापले गेलेले ते पैसे परत मिळत नाहीत.

घर, मोटार आणि हिवाळा

लहान गावात घर स्वस्त असते, हे बऱ्याच अंशी खरे आहे. एम्स किंवा वेस्ट लाफियेटमध्ये मध्यमवर्गीय प्राध्यापकाला स्वतःचे घर घेणे आवाक्यात असते. इथाकात मात्र जागा थोडी आणि विद्यार्थ्यांची मागणी मोठी असल्याने भाडी चढी असतात. विद्यापीठनगरीतील भाडेकरारांचे एक ठरावीक चक्र असते. बहुतेक करार जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये संपतात व तेव्हाच नवे सुरू होतात. चांगल्या जागा आदल्या हिवाळ्यातच ठरून जातात. जानेवारीत रुजू होणाऱ्याला घर मिळविणे त्यामुळे कठीण जाते. ऑगस्टच्या त्या आठवड्यात रस्त्याच्या कडेला सोफे, मेजे, पुस्तकांची कपाटे सोडून दिलेली दिसतात. नव्याने आलेल्या कित्येक कुटुंबांचे पहिले फर्निचर तेथूनच आलेले असते, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

विद्यापीठाची बससेवा चांगली असते. एम्सची ‘साय-राइड’ ही सेवा त्याचे उत्तम उदाहरण आहे. परंतु बस विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकाने चालते. रविवारी वाण्याकडे जाण्यासाठी, मुलाला दवाखान्यात नेण्यासाठी मोटार लागतेच. दोघांनाही वाहन चालविता येणे ही तेथे चैन नव्हे. जोडीदाराच्या स्वातंत्र्याची ती पहिली अट आहे. शक्य असल्यास येथूनच सराव करून जावे.

हिवाळ्याचे वर्णन ऐकून त्याची कल्पना येत नाही. एम्समध्ये जानेवारीत रात्रीचे तापमान सरासरी शून्याखाली दहा-बारा अंश सेल्सियस असते आणि काही रात्री ते पंचविसाच्याही खाली जाते. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. थंडीचा बंदोबस्त कपड्यांनी होतो. अंधाराचा आणि एकटेपणाचा होत नाही. मार्चपर्यंत टिकणाऱ्या त्या काळोखाने खचून जाणारी माणसे थोडी नाहीत. उन्हाळ्यालाही आपली संकटे आहेतच. १० ऑगस्ट २०२० रोजी आयोवावरून आलेल्या प्रचंड वादळाने एम्ससह अनेक गावांत वीजपुरवठा खंडित झाला आणि राज्यभर मक्याची उभी शेते आडवी झाली. उलट मे ते ऑक्टोबर या काळात या गावांएवढी निर्मळ, हिरवी, शांत जागा सापडणे कठीण. मुले सायकलवर एकटी शाळेत जातात. वाहतुकीच्या कोंडीत जाणारे दिवसाचे दोन तास वाचतात. मुंबईच्या लोकलने प्रवास केलेल्या माणसाला या दोन तासांची किंमत वेगळी सांगायला नको.

दवाखान्याची गोष्ट निराळी. नेहमीच्या उपचारांची सोय गावात असते, पण दुर्मीळ आजाराच्या तज्ज्ञासाठी दूर जावे लागते. एम्सहून आयोवा सिटीचे विद्यापीठ रुग्णालय सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. घरात कोणास जुना आजार असेल तर त्याचा तज्ज्ञ जवळ आहे का, विद्यापीठाच्या विम्यात तो बसतो का, आणि विमा कंपनी पैसे देऊ लागण्यापूर्वी वर्षाला किती रक्कम आपण स्वतः भरायची, हे तीन प्रश्न टाळू नयेत.

मुले, शाळा आणि मराठी

बारावीपर्यंतची सरकारी शाळा विनामूल्य असते व ती राहत्या पत्त्यावरून ठरते. प्राध्यापकांची मुले शिकत असल्याने विद्यापीठनगरीतील शाळांचा दर्जा बहुधा चांगला असतो. वर्गात कोरियन, चिनी, इराणी, नायजेरियन मुले भेटतात. प्राथमिक शाळेतील मूल सहा महिन्यांत रुळते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे तसे नसते. त्याचे मित्र, त्याची भाषा, त्याची दहावी येथे असते. त्याला निर्णयात सहभागी करून घ्यावे आणि त्याचा नकारही गांभीर्याने ऐकावा.

मराठी कुटुंबे अशा गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. त्यातही विद्यार्थी येत-जात राहतात. आज जुळलेली मैत्री दोन वर्षांत टेक्सासला किंवा कॅलिफोर्नियाला निघून जाते. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी संलग्न मंडळे व मराठी शाळा मुख्यत्वे मोठ्या शहरांत आहेत. एम्सहून राजधानीचे शहर डे मॉइन सुमारे पन्नास किलोमीटर, शिकागो साडेपाचशे किलोमीटर. आयोवातील हिंदू मंदिर मॅड्रिड नावाच्या खेड्याजवळ, शेतांच्या मधोमध उभे आहे. गणपती, दिवाळी साजरी होते, पण ती मुद्दाम ठरवून, मोटारीने जाऊन. याचा एक लाभही होतो. मराठी कंपूत राहण्याची सोय नसल्याने माणूस तेलुगू, बंगाली, पाकिस्तानी, अमेरिकी शेजाऱ्यांत मिसळतो. ज्याला अशी मिसळ आवडते त्याला गाव आवडते. ज्याला संध्याकाळी कट्टा हवा असतो त्याला ते खायला उठते.

विद्यापीठाच्या आवारात परदेशी माणूस नवलाचा नसतो. आवाराबाहेर दहा मैलांवर मात्र तो उठून दिसतो. कार्व्हर एम्सला आला तेव्हा त्याला आरंभी इतर विद्यार्थ्यांबरोबर भोजनगृहात बसू दिले गेले नव्हते. आज विद्यापीठातील एक इमारत त्याच्या नावाने उभी आहे. काळ बदलला आहे. तरीही, आपल्यासारखे दिसणाऱ्या रहिवाशांना गावात कसे वागविले जाते हे त्यांच्याकडूनच ऐकावे. विभागप्रमुखाचे आश्वासन त्याची जागा घेऊ शकत नाही.

मागे राहणारे आई-वडील

वयस्कर आई-वडिलांचा प्रश्न कोणत्याही परदेशगमनात असतो. लहान गावात तो अधिक अवघड होतो. मुंबईहून एम्सला पोहोचण्यास एक-दोन ठिकाणी विमान बदलून, शेवटी मोटारीने, दारापासून दारापर्यंत चोवीस ते तीस तास लागतात. रात्री दोनचा फोन आला तर दुसऱ्या दिवशी पोहोचणे शक्य नसते. पाहुण्यांच्या व्हिसावर आई-वडील आल्यास त्यांना सामान्यतः सहा महिने राहता येते, पण प्रवासी विम्यात जुने आजार बहुधा बसत नाहीत. शिवाय ज्यांना मोटार चालविता येत नाही, ज्यांच्या ओळखीचे कोणी नाही, त्यांना ते गाव सुंदर तुरुंगासारखे वाटू लागते. आई-वडिलांना तेथे स्थायी वास्तव्यासाठी बोलावण्याचा हक्क केवळ अमेरिकी नागरिकाला आहे, आणि नागरिकत्वाची वाट वर सांगितलेल्या रांगेतून जाते. म्हणून भावंडांशी आधीच मोकळेपणाने बोलावे. दैनंदिन देखभाल कोण करणार, खर्चाचा वाटा कोणाचा, अडीअडचणीला कोण धावणार, हे गृहीत न धरता ठरवावे.

निर्णयापूर्वी

मुलाखतीला बोलावलेल्याची भेट दीड-दोन दिवसांची असते आणि त्यात गावाचे उत्तम तेवढे दाखविले जाते. नेमणूक हाती आल्यावर दुसऱ्यांदा, जोडीदारासह, भेट देऊ द्यावी, अशी विनंती करता येते. कित्येक विद्यापीठे तिचा खर्चही करतात. ती शक्य नसल्यास निदान पुढील गोष्टी कराव्यात.

विद्यापीठाचे विद्यार्थी-वृत्तपत्र आणि गावचे स्थानिक वृत्तपत्र महिनाभर वाचावे. भाडेवाढ, नोकरकपात, शाळेतील वाद तेथे दिसतात.

त्या गावात पाच वर्षांहून अधिक राहिलेल्या एका आणि ते गाव सोडून गेलेल्या एका भारतीय कुटुंबाशी बोलावे. दोन्ही वेळा बोलणे जोडीदाराने जोडीदाराशी करावे.

जानेवारीतील एका सामान्य मंगळवारचा दिवस घरातील प्रत्येकाने कागदावर लिहून काढावा. सकाळी आठ ते रात्री दहा या वेळेत कोण कोठे असेल, कोणाशी बोलेल, कसा जाईल, हे त्यात यावे. ज्याच्या कागदावर मोठी जागा कोरी राहील, त्याच्यासाठी काय करता येईल हे ठरवूनच होकार कळवावा.

उन्हाळ्याचे तीन महिने वगळून, एकाच पगारावर, भारतातील कर्जाचे हप्ते आणि वर्षातून एकदा मायदेशी येण्याचा खर्च धरून हिशेब मांडावा. विद्यापीठाने दिलेल्या स्थलांतराच्या खर्चावरही २०१८ पासून कर लागतो.

अखेरीस, पुन्हा विचार करण्याची तारीख आजच ठरवावी. तिसऱ्या वर्षाचा मे महिना ही चांगली वेळ आहे. तोवर कायमपदाच्या वाटेवरील मध्यावधी मूल्यमापन बहुधा झालेले असते, स्थायी वास्तव्याच्या अर्जाची दिशा कळलेली असते आणि तीन हिवाळे अंगावरून गेलेले असतात. त्या दिवशी सर्वांनी मिळून बसावे, आणि ज्याची नोकरी नाही त्याने आधी बोलावे.

अशा गावांनी अनेकांना भरभरून दिले आहे. ग्रंथालये, संगीताच्या मैफली, जगभरचे शेजारी, मुलांचे मोकळे बालपण आणि कामात डोके खुपसून बसण्याची शांतता ही त्यांची देणगी आहे. ज्या घरांत दोघांनाही तेथे काही काम सापडले, ती आनंदाने तेथेच रुजली. ज्यांना ते सापडले नाही, त्यांतील कित्येकजण परत फिरले आणि त्यांनी काही गमावले असे म्हणता येणार नाही. कार्व्हर एम्सला पाच वर्षे राहिला. शिकला, शिकविले, मान मिळविला, आणि १८९६ मध्ये टस्कीगीहून बोलावणे येताच स्थिर झालेली जागा सोडून निघून गेला. गाव चांगले होते, पण त्याचे काम दुसरीकडे होते. पत्राला उत्तर लिहिण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने आपले काम कोठे आहे, हे एकदा स्वतःला विचारून घ्यावे.